फियाटच्या हेडला अर्धी प्रदक्षिणा

झरी,
श्रावणातला मंगळवार, १९८६

तीर्थरूप विरूपाक्षअप्पा यांना सिद्धलिंगाचा शरणार्थ.

महादेवाच्या कृपेनं इकडं सगळे बरे आहोत. (सगळे म्हणजे माणसं. गाडीचं पुढं लिहितो.) तुमचा गुडघा कसा आहे? पूर्णेला पाऊस बरा झाला का? तुमची बहीण नीलम्मा ठीक आहे. तिचा आवाज तर फारच ठीक आहे. गौराचे दिवस भरले आहेत. पोर बाळंतपणाला आल्यापासून मी पूजेला बसतो खरा, पण डोळे मिटले की परभणीच्या दवाखान्याचा रस्ताच दिसतो, आणि त्या रस्त्यावर मध्येच बंद पडलेलं काहीतरी दिसतं. त्या भीतीवर उपाय म्हणून तुम्ही मोठ्या मनानं तुमची फियाट आमच्या अंगणात आणून लावलीत आणि जाताना म्हणालात, "दाजी, कशाला हात लावू नका, नुसती राखा."

मी राखतच होतो. पण गाडी चालवणारा आश्रुबा (तोच, जो गावातल्या विहिरींची इंजिनं दुरुस्त करतो आणि इंजिनाच्याच आवाजात बोलतो) त्यानं शुक्रवारी ती सुरू करून पाहिली, तर आतून टकटक यायला लागली. तो म्हणाला, "हेडचं पॅकिंग गेलंय, मालक. टायमिंगबी सरकलंय. पोरीला घिऊन निम्म्या वाटंत बसंल ही." अप्पा, तुमची परवानगी विचारायला वेळ कुठला? गाडी उघडली.

आश्रुबानं इंजिनावरचं ते जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते काढून खाली नवं पॅकिंग घातलं, हेड परत बसवलं आणि बोल्ट नुसते हातानं लावले. तेवढ्यात पेडगावहून कोणाचा तरी पंप बंद पडल्याचा निरोप आला. जाताना मला पाना देऊन म्हणाला, "मधल्यापासून सुरू करा. मंग एक हिकडचा, एक तिकडचा, असं भायेर भायेर जावा."

आता तुम्हीच सांगा. तुम्ही-आम्ही शिवाची माणसं. देवळात गेलो की कोणी एकदम गाभाऱ्यात शिरतं का? इतक्या अवघड कामाला मधूनच सुरुवात करणं माझ्या मनाला पटेना. शिवाय हेडच्या पुढच्या टोकाला पाणी जाण्याची नळी आहे. ती पाहिली आणि मला पिंडीचं तीर्थ वाहून नेणारी पन्हळच आठवली. ती ओलांडायची नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. म्हणून मी नळीच्या शेजारच्या बोल्टापासून निघालो, कडेकडेनं फिरत नळीच्या दुसऱ्या अंगाला पोचलो आणि तिथून उलटा वळलो. प्रत्येक बोल्टाला एकदा 'नमः शिवाय' म्हणून होईपर्यंत जोर. मन फार शांत झालं. एवढ्या दिवसांत तेवढाच काय तो वेळ मला भीती वाटली नाही.

आश्रुबा परत आला. बोल्ट कसे आवळले हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग टायमिंग. म्हणजे आतली ठिणगी नेमकी कधी पडावी ते ठरवायचं. तो कानानं ठरवतो. वायरी निघतात ती टोपी मी धरायची आणि तो सांगेल तशी केसभर फिरवायची, असं ठरलं. मला झटका बसला, हात दचकला आणि केसभराऐवजी मूठभर फिरली. त्याच क्षणी आश्रुबा पुढून हँडल मारत होता. हँडल उलटं फिरलं आणि आश्रुबा उकिरड्याजवळ जाऊन बसला. (हात शाबूत आहे.) दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली, पण मागून पांढरी वाफच वाफ. तो म्हणाला, "मालक, ही मोटर हाय का हमामखाना?" तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. टोकं आधी आवळली गेली, हेड मध्ये फुगून राहिलं आणि फटीतून पाणी आत शिरलं, असं काहीसं झालं म्हणे. पाना माझ्या हातातून काढून घेत तो म्हणाला, "मंग आता गाडीबी महादेवालाच चालवू द्या."

नीलम्मा दारातून ऐकत होती. "दादानं हात लावू नका म्हणलं व्हतं. ह्यांनी फेरी घातली, ती बी अर्धी."

आता हेड पुन्हा काढलं आहे. बोल्ट सुपात आहेत. गौरा उंबऱ्यात बसून म्हणते, "बाबा, भिऊ नका." जिनं भ्यायचं ती मला धीर देते, त्यानं मी जास्तच भ्यालो आहे. लोभ आहे तसाच ठेवा, गाडी पाहिल्यावरही.

आपला,
सिद्धलिंग

ता.क. हे पत्र आमचा गडी मुंजाजी याच्या हाती एसटीनं पाठवतो आहे. त्याच्यासोबत तुमच्या अडतीवरची जीप तेवढी पाठवा. खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो. मी मागवली असं नीलम्माला कळू देऊ नका. सहज पाठवली म्हणा.

ता.क. (बुधवार) मुंजाजीची एसटी चुकली. जीप नको. आज सकाळी गौराला कळा सुरू झाल्या. आश्रुबानं बोल्ट मधून सुरू करून आवळले. मी लांब उभा होतो. गौराला मागच्या सीटवर घेतलं, शेजारी सुईण सुलाबाई. आश्रुबा हँडल मारून मारून बेजार झाला, गाडी हलेना. शेवटी सुलाबाई आतून ओरडली, "आता चालू झाली तरी हलवू नका." मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तुमच्या सीटबद्दल समक्ष बोलू.

ता.क. गाडी इतक्यात नेता येणार नाही. नीलम्मा म्हणते, पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला जन्माच्या जागीच येते. गाडी हलवली तर तिला सापडायची कशी? म्हणून कोरा कागद आणि लेखणी मागच्या सीटवर ठेवणार आहोत. तुम्ही एसटीनं या. त्या दिवशी इंजिनाच्या बाजूला कोणी फिरकायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं आहे. बजावताना बघत माझ्याकडंच होती.