बाबांचे त्रेपन्न विजय

दि. ९ जानेवारी १९७१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. आमच्या गणकयंत्राची समितीपुढे परीक्षा झाली आणि त्याने माझी, सरांची आणि अख्ख्या विभागाची अब्रू एका दुपारी घालवली.

तीन कपाटांएवढ्या या धुडाला मी बुद्धिबळ शिकवते आहे, हे तुला माहीत आहेच. नियम सांगितले, पण खेळावं कसं ते शिकवायचं माणसांचे डाव दाखवून: जिंकणारा काय करतो ते बघ आणि तसं कर. त्यासाठी खरे डाव हवे होते. तुम्हा बहीणभावांनी बारा वर्षांत टपालाने खेळलेले एकसष्ट डाव बाबांच्या वहीत खेळीन् खेळी टिपलेले. त्यांतले त्रेपन्न बाबांनी जिंकलेले, उरलेले बरोबरीत. घरातच जगज्जेता असताना बाहेर कशाला शोधायचं? सहा महिने खपून बाबांची एकेक खेळी कार्डांवर भोकं पाडून यंत्राला भरवली.

समितीने त्याच्यासमोर आमच्या टंकलेखिकाबाईंना बसवलं. बाईंना घोडा कसा चालतो हे कळून महिना झाला होता. यंत्राने वीस मिनिटं घरघर केली, आपला हत्ती बाईंच्या उंटापुढे नेऊन ठेवला आणि स्वस्थ बसलं. बाईंनी संकोचून मला विचारलं, की घेतला तर चालेल का. एकोणिसाव्या खेळीला यंत्रावर मात. समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, की एवढी कपाटं आहेतच तर त्यांत कपडे ठेवावेत.

३१ मार्चच्या आत कारण दाखवून प्रबंध दिला नाही, तर यंत्रावरची माझी वेळ बंद आणि चार वर्षांचं काम पाण्यात. कार्डं तीनदा तपासली, त्यांत चूक नाही. म्हणून परवा तुमचे डावच पटावर मांडले. आत्या, पंचविसाव्या खेळीच्या आसपास तुला होतं तरी काय गं? छान चाललेलं असतं आणि एकदम तुझा हत्ती उघड्यावर! एकदा नाही, त्रेपन्न वेळा. तुमच्या इस्पितळातले डॉक्टर तुझ्यासमोर पटावर बसायला घाबरतात असं ऐकून आहे. खरं काय ते लिही.

बाबा मजेत. छापखान्यात बसून जगाच्या चुका काढणं चालू आहे.

उत्तर येईपर्यंत लोभ आहे, पुढचं उत्तर वाचून ठरवते.

तुझी,
भिंगरी


दि. २६ जानेवारी १९७१

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पकडलंस बाई. स्वल्पविराम चुकला तरी ज्याला ताप भरतो, त्या दादाला बारा वर्षांत जे दिसलं नाही, ते तुझ्या कपाटामुळे उघडं पडलं.

वहिनी गेली तेव्हा तू तेरा वर्षांची. दादा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. माझ्या वॉर्डात बेचाळीस खाटा, येऊन राहणं शक्य नव्हतं. म्हणून टपालाने डाव सुरू केला. सहा महिने त्याच्याकडून नुसती खेळी यायची, सोबत एक अक्षर नाही. तो पहिला डाव मी सवयीने जिंकत आले होते. मग मनात आलं, या माणसाला आणखी हरवून मी काय मिळवणार? दिला हत्ती सोडून. त्यावर चार पानी पत्र आलं! मी कुठे चुकले, का चुकले आणि लहानपणापासून कशी धांदरटच आहे, याचं सविस्तर विवेचन. वाचून मी औषधांच्या खोलीत दार लावून रडले.

औषध लागू पडलं म्हटल्यावर डोस चालू ठेवला. बंद करायचा राहून गेला. एवढी ढिलाई दुसऱ्या कोणी केली असती तर मी मेट्रन म्हणून तिला फाडून खाल्लं असतं. आणि नीट हरणं काही खायचं काम नाही, बरं का. दादा इतका वाईट खेळतो, की त्याला जिंकवताना माझ्या नाकी नऊ येतात. मधूनमधून बरोबरी केली ती संशय येऊ नये म्हणून.

पण दादाला हे कळता कामा नये. त्या विजयांवर तो छापखान्यात कॉलर ताठ करून फिरतो. तू आपलं यंत्र मठ्ठ आहे असं लिहून मोकळी हो. त्याला थोडंच वाईट वाटणार आहे?

जिवाला जप आणि या खोटारड्या बाईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


दि. १२ फेब्रुवारी १९७१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यंत्र मठ्ठ नाही, हीच तर पंचाईत आहे. त्याने बाबांकडून जे शिकायचं ते चोख शिकलं: आपण कसंही खेळावं, समोरचा सांभाळून घेतो. गेल्या आठवड्यात मी उलटं केलं. फक्त तुझ्या खेळ्या घेतल्या, त्याही हत्ती सोडायच्या आधीपर्यंतच्या. यंत्राने टंकलेखिकाबाईंना तीनदा हरवलं. त्या आता माझी पत्रं टंकायला नाही म्हणतात.

सर तर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. त्यांचं म्हणणं, की जिंकणाऱ्याकडून शिकायचं असेल तर हरणारा कोण आहे ते आधी बघावं लागतं, हे अजून कोणी नीट मांडलेलं नाही. माझ्या प्रबंधातलं एकमेव धड पान तेच आहे. ते काढलं तर मठ्ठ ठरेन ती मी.

आणि प्रबंधाची प्रुफं कोण तपासणार आहे? बाबा. महिनाभर आधीच पेन्सिली तासून बसलेत. पंधरा दिवसांत प्रुफं त्यांच्या हातात जातील. त्यांना हे छापील अक्षरांत कळू नये, आत्या. तू सांग. मला सांगवत नाही. रविवारी घरी गेले होते, तेव्हा जेवताना त्यांनी मला तुझ्या खेळातले दोष समजावून सांगितले आणि मी माना डोलावल्या.

रागावले आहे, पण तुझ्यावर नक्की कशासाठी ते कळत नाही. कळलं की लिहीन, तोवर होती तशीच

तुझी,
भिंगरी


दि. २० फेब्रुवारी १९७१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चालू चार डावांतल्या माझ्या चार खेळ्या सोबत आहेत. चारही पटांवर मांड. चारही ठिकाणी तुझ्या राजाला मात आहे. हा योगायोग नाही.

आधीचे त्रेपन्न डाव मी जाणूनबुजून हरले. पहिला तुला उठवायला, बाकीचे तू पुन्हा पडशील या भीतीने. तू बरा झालास हे मी कधीच नीट तपासलं नाही, तिथे माझं चुकलं. पोरीचा यात काडीचा दोष नाही. शिव्या घालायच्या असतील तर चार पानांत बसव, जास्त टिकिटं लावावी लागतात.

राग ओसरल्यावर जो काही लोभ उरेल, तो पाठव.

तुझी धाकटी


दि. ११ मार्च १९७१

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

प्रुफं वाचली. व्याकरणाच्या बत्तीस चुका आहेत, चार वर्षं गणित करणाऱ्या मुलीला शोभतील अशाच.

तुझ्या आत्याचं पत्र आल्यावर मी चारही पट आवरून मोहरे डब्यात भरले. छापखान्यात आता बुद्धिबळाचा विषय निघाला की मी हात धुवायला उठतो. मला काही माहीत नव्हतं, पोरी. मला खरंच वाटत होतं की मी चांगला खेळतो. बारा वर्षं माझी कीव केली गेली, याचा संताप आला आणि थोडा अजूनही आहे.

पण सत्तेचाळिसाव्या पानावर तू लिहिलं आहेस, की प्रतिस्पर्ध्याने हेतुपुरस्सर चुका केल्यामुळे हे विजय निरर्थक ठरतात. ते मला मान्य नाही. पहिला डाव जिंकलो त्या दिवशी मी सात महिन्यांनी दाढी केली. आत्याला तिच्या चुका लिहून कळवायच्या म्हणून टेबलाशी बसलो, ते पत्र टाकायला पायांत चपला घालून बाहेर पडलो आणि परत येताना तुला शाळेतून घेऊन आलो. तू फाटकाशी मला बघून आधी ओळखलंच नाहीस, मग धावत आलीस.

तुझ्या यंत्राचं त्या डावांनी वाटोळं केलं असेल. ते तसं लिही. माझ्यापुरतं ते वाक्य खोटं आहे, आणि खोटं वाक्य मी आजवर छापायला सोडलेलं नाही. तेवढं बदलून दे, प्रुफं त्याच दिवशी सही करून पाठवतो. ३१ तारखेला अजून वीस दिवस आहेत.

आत्याला आजच नवा डाव पाठवला आहे. या वेळी हरेन. मला खरोखर हरवायला कोणीतरी आहे, त्यातच आनंद आहे.

तुझा,
बाबा