परस्थानाला ठेवलेला पासपोर्ट

१५ जुलै, मंगळवार
आला! व्हिसा आला एकदाचा! पासपोर्टात माझा फोटो, माझं नाव – शिवप्रिया – आणि शेवटची तारीख, ११ ऑगस्ट. त्याच्या आत अमेरिकेत पाऊल टाकायचं. नाहीतर अर्ज, मुंबईच्या चकरा, तपासण्या, सगळं पुन्हा पहिल्यापासून. लग्नाला दोन वर्षं होतील. नवऱ्याच्या तिकडच्या घरात मी अजून एक दिवस राहिलेली नाही.

नीट बघते न बघते तोच सासऱ्यांनी हातातून घेतला. "कपाटात राहू दे. हरवशील." सत्तावीस वर्षांची बाई मी! दवाखान्याच्या लॅबमध्ये गावाच्या रक्ताच्या नळ्या सांभाळते, आजवर एक हरवली नाही. पासपोर्ट माझा, किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला!

१९ जुलै, शनिवार
गौरीशंकरचा फोन. (इथं तरी नवऱ्याचं नाव घेते, कोण वाचतंय!) म्हणे, "तिकिटाची घाई नको, आधी बाबांच्या पायाचं बघू." बाबा म्हणजे सासरे, त्यांच्या पायाला शुगरची जखम. ड्रेसिंग दोन्ही वेळा मीच करते. म्हटलं, दवाखान्यातल्या बाईशी बोलून ठेवलंय, ती रोज येईल. तर म्हणाला, "बघू." बघू, बघू, बघू! दोन वर्षं हेच ऐकतेय. शेवटी मीच काढलं तिकीट, माझ्या पगारातून. ८ ऑगस्ट, हैदराबादहून. आमच्या उमरग्याहून तेच जवळ.

२१ जुलै, सोमवार
तिकिटाचं सांगितलं तर सासऱ्यांनी कॅलेंडर काढलं. "शुक्रवार? शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. जायचं न्हाय." भिंतीवर मुहूर्त-शकुन न मानणाऱ्या बसवण्णांचा फोटो, त्याला रोज हार, आणि त्याच फोटोखाली बसून दिशाशूळ! बोलले तोंडावर. सासूबाईंनी डोळे वटारले. मलाच!

२८ जुलै, सोमवार
कहर केला बाईनं! श्रावणातला पहिला सोमवार, म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांकडून किल्ली मागून घेतली – "पासपोर्टाला हळद-कुंकू लावते." लावलं. मग खणात तांदूळ-सुपारीबरोबर बांधला आणि गल्लीच्या टोकाला सिताबाईच्या घरी नेऊन ठेवला! "परस्थान ठिवलं," म्हणाल्या. जायचा वार वाईट असला, की चांगल्या वारी सामानातली एक वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची – म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला! अहो, मग साडी ठेवा की! नारळ ठेवा! पासपोर्ट?

परत आणायला निघाले तर दारात आडव्या. "परस्थान माघारी घरात येत न्हाय. घरच्यानं आणलं तर जाणाऱ्याच्या जिवावर बेततं. जाताना वाटेवर उचलायचं."

सासरेही भडकले – "मला न विचारता?" या घरात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूला. पण जिवावर बेततं म्हटल्यावर तेही दारातून मागे फिरले.

३१ जुलै, गुरुवार
सिताबाईच्या दाराला कुलूप. लेकीकडं वाशीला गेली म्हणे. कधी येणार? "येईल की," सासूबाई. अगं बाई, येईल की काय! आठ दिवस राहिले!

सासरे दुखरा पाय घेऊन दोनदा जाऊन कुलूप बघून आले. "कुलूपच हाय अजून," म्हणाले आणि चहा मागितला. त्यांना तरी काळजी आहे.

४ ऑगस्ट, सोमवार
आज राहवलं नाही. सासूबाई भाकरी थापत होत्या, तिथंच उभी राहून बोलले. "आत्या, तुम्हाला मला पाठवायचंच नाही. फुकटची नर्स सोडवत नाही तुम्हाला. स्वतःचा संसार झाला, आता माझा होऊ देत नाही!" लई बोलले. त्यांनी भाकरी उलटली. "बोल. बोलून घे." एवढंच! भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं असेल. चूल कुठली आता, गॅस आहे. कशाचं का असेना!

गौरीशंकरचा मेसेज : "तारीख गेली तर गेली. पुन्हा अर्ज करू. तुझी चूक नाही." वाचून रडू आलं. एवढा समजूतदार माणूस, आणि त्याची आई ही अशी!

६ ऑगस्ट, बुधवार
सिताबाईचा फोन बंद. बॅग भरून कोपऱ्यात पडलीय. तिच्याकडं बघवत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार. हैदराबादच्या बसमध्ये
सकाळी सासूबाई म्हणाल्या, "देवळात चल." रिक्षा देवळावरून पुढं गेली आणि हायवेला थांबली. तिथं सिताबाई उभी! एका हातात माझी बॅग – पहाटेच सासूबाईंनी गुपचूप पोचवलेली – दुसऱ्या हातात खणाचं गाठोडं.

सासूबाई भराभरा बोलल्या. "गौरीशंकर अन् हे, दोघांनी ठरीवलंतं. तारीख उलटू द्यायची. म्हंजे तू हितंच, यांच्या पायाशी. म्या फोनवर आईकलं. कपाटातनं कसा काढणार? परस्थान मोडायला मात्र हे भेत्यात. दुसऱ्या कुणाकडनं आणवू नयेत म्हणून सिताबाईला म्याच लावून दिलं वाशीला."

मी त्यांच्या पायावर पडले. सोमवारी काय काय बोलले होते मी त्यांना! आणि तो? तुझी चूक नाही म्हणे! संताप, नुसता संताप. म्हटलं, "आत्या, आता कशाला जाऊ मी त्या माणसाकडं?"

त्यांनी मला बसमध्ये ढकललंच.

"त्याच्याकडं नगं जाऊ. तुझ्या कागदावर तुझं नाव हाय, तू तुझी जा. भांडायचं असंल तर तिथं पोचून भांड."