आलिनाफे एकटी हापशावर गेली

आलिनाफेचे बाबा,

"पोरीला एकटीनं कामं करायची सवय लाव," असं तुम्हीच म्हणालात, म्हणून आज तिला पहिल्यांदाच हापशावर एकटीला धाडलं. भरली बादली डोक्यावर घेऊन आली, स्वतःच उतरवली, मक्याच्या पिठाची न्सिमा खाऊन ताटही घासून ठेवलं. मी "शहाणी गं माझी!" म्हटलं, तर नुसती टक लावून बघत राहिली.

तेवढ्यात वाटेवरून आलिनाफेचीच हाक आली, "आई, बादली जड झाली गं, उतरव ना!"

घरातली हळूच म्हणाली, "जाऊ नकोस. मला सगळं एकटीला येतं."

आपल्या लेकीला अजून सगळं येत नाही हो. तिला आणायला मी चाललेय. दाराला बाहेरून कडी घातलीय. मी येईपर्यंत आतून कुणी "बाबा, बाबा" करून रडलं, तरी काढू नका.

— आलिनाफेची आई