निकेशची मनगटं

१२ जानेवारी, रविवार

लिही म्हटलं, तर ही अपेक्षा आधी चष्मा पुसते, मग टेबल पुसते. तोवर माझं स्वप्न अर्धं वाळलं!

वही मृणालीने आणली. मृणाली माझी नात, डॉक्टर. रोह्याला लागून वरसे गावात तिचा दवाखाना, वरच्या मजल्यावर आम्ही दोघी. सकाळी चहा पिताना मी तिला स्वप्नं सांगते आणि ती 'हं, हं' करत पेशंटचे कागद वाचते. काल म्हणाली, "आजी, वहीला सांगत जा. वही मध्येच उठून जाणार नाय." म्हणून ही वही. मी बोलायचं, अपेक्षाने लिहायचं. ती दवाखान्यातली सिस्टर. अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला काय! सगळी अक्षरं मला वाळत घातलेल्या सुकटीसारखी दिसतात. आणि मी 'नाय' म्हटलं की ही बहुतेकदा 'नाही' लिहिते. शाळा शिकलेली ना! लिहू दे.

स्वप्न — माहेरचं मिठागर. पाणी इतकं शांत की आभाळ खाली की वर ते कळेना. मी आभाळावरून चालत होते, पायाला मीठ लागत होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी पेणहून एक जण आला. निकेश. पंचविशीचा असेल. गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो. जमिनी जाणार म्हणून मोर्चा निघाला होता, त्याचे फलक याने रंगवले. म्हणून पोलिसांनी उचलून नेला, तीन दिवस ठेवला. हात मागे बांधून टांगला. हे त्याने सांगितलं नाही. मनगटांनी सांगितलं.

सण म्हणून मी त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. बोटं मिटेनात. लाडू घरंगळत टेबलाखाली गेला. आम्ही तिघी बायका खाली वाकून लाडू शोधतोय आणि वर तो रडतोय.

मृणालीने सगळं लिहिलं. कुठला वळ किती लांब, कुठल्या बोटाला स्पर्श कळत नाही. फोटो काढले. खाली सही, शिक्का. दोन वर्षं झाली, असे मार खाल्लेले लोक तिच्याकडे येतात. बाकीचे डॉक्टर औषध देतात, पण लिहून देत नाहीत. ही लिहून देते. सरकारला दुखतं ते तिथे!

१८ जानेवारी

स्वप्न नाही. म्हातारपणी झोप येते तीसुद्धा रिकाम्या हाताने.

२१ जानेवारी

निकेशला रोज मीच तेल लावते. मृणाली म्हणते, "फक्त हात, आजी. खांद्याला हात लावायचा नाही." जशी काही मी कुणाचा खांदा चोरणार आहे.

पेणला त्याच्या घरासमोर पोलिसांची गाडी उभी असते. म्हणून त्याला निडीला माझ्या भाचीकडे ठेवलाय. तिथून येतो.

"आजी, तुम्ही पण डॉक्टर?"

"डॉक्टरची मोठी डॉक्टर. फी घेत नाय, कान खाते."

मग हळूहळू बोलला. डोळा आखताना म्हणे श्वास धरावा लागतो. एक झाला की दुसरा अगदी तसाच यायला हवा. "आता हात कापतो. माझा गणपती तिरळा होईल."

म्हटलं, "होऊ दे रे. एका वेळी दोन्हीकडचं बघेल!"

हसला. पहिल्यांदाच. मला वाटलं कुणीतरी खिडकी उघडली.

रात्री मिठाच्या राशी दिसल्या, ओळीने, पांढऱ्याशुभ्र. निकेश एकेका राशीवर डोळे काढत चालला होता. आणि राशी माझ्याकडे बघत होत्या. भीती नाही वाटली. ओळखीच्या होत्या.

२७ जानेवारी, सोमवार

दवाखान्याची सरकारी तपासणी! दोन साहेब आणि एक बाई. आग विझवायचं नळकांडं बघितलं, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग बघितले, अपेक्षाच्या सर्टिफिकेटचा फोटो काढला. ही बिचारी घामाघूम. (लिही, लिही. घाम आला होता तर आला होता.)

जाताना मोठा साहेब अगदी गोड — "मॅडम, निकेशच्या दाखल्यातली एकच ओळ बदला. पेशंट कारखान्याच्या माळ्यावरून पडला. तुम्ही सुटलात, आम्ही सुटलो."

मृणाली म्हणाली, "माळ्यावरून पडताना दोन्ही मनगटांना दोरी कोण बांधतं, साहेब?"

साहेबाने पाणी मागितलं. मी दिलं. खारं पाणी द्यायला हवं होतं. सुचलं तेव्हा गाडी वळली होती.

३० जानेवारी

समोरच्या टपरीपाशी एक मोटरसायकलवाला रोज. येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोटो काढतो. धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टवरून परतणारी माणसं खोकल्याचं औषध घ्यायला यायची, तीही आता मान वळवून जातात. मी पदर नीट करून गॅलरीत उभी राहिले. काढ म्हटलं, माझ्या लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता!

४ फेब्रुवारी

मृणालीला नोटीस आली. खोटा दाखला दिलात, तुमची डॉक्टरकी का काढून घेऊ नये? वीस तारखेला चौकशी. वकील म्हणतात, घाबरू नका, निकेश तिथे येऊन खरं बोलला की झालं. सगळं त्याच्या बोलण्यावर आहे.

आज आमटीत मीठ घालायला विसरले. मी! मिठागरातली बाई! मृणाली वाटीभर जेवली आणि तिला कळलंच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरात आनंद. माझ्या माहेरचा माणूस आला होता! पुंडलिक नाव. पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन — "आक्का, मडक्यात भाजा, पोपटी लावा." मी काय कुणालाही घरात घेते? आधी परीक्षा घेतली. देऊळ कुठल्या अंगाला? खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी कुठे? सगळं बरोबर सांगितलं. मग काय, माहेरचा म्हणजे भाऊच. चहा केला, पोहे केले. त्याच्या टकलाची थट्टा केली, कानामागच्या चामखिळीची केली. तोही हसला.

"आक्का, कुठल्याशा पोराचे हात तुम्ही बरे केलेत म्हणे?"

फुगले मी. सगळं सांगितलं. बोटं आता मिटतात. निडीला असतो, भाचीकडे, स्टेशनमागचं घर, दारात शेवगा. सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून बसतो.

"तुमच्या हाताला यश हाय, आक्का," म्हणाला. जाताना पाया पडला.

आत्ता लिहिता लिहिता अपेक्षा थांबली. "आजी, चुलत्याचं नाव विचारलंत तेव्हा त्यांनी फोन का बघितला?"

अगो, मला काय ठाऊक! हल्ली सगळेच बघतात.

१० फेब्रुवारी

भाचीचा फोन. सकाळी दोघे जण आले, अंगणात निकेशशी तासभर बोलले, गेले. मारलं नाही. हातसुद्धा लावला नाही. नुसते बोलले. एकाच्या कानामागे चामखीळ होती.

मृणालीला मीच सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "माहेरचं नाव काढलं की तू यमालासुद्धा पत्ता देशील." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. रागावली असती तर बरं होतं.

शेंगा तशाच पडल्यात. सोलवत नाहीत. टाकवतही नाहीत.

१५ फेब्रुवारी

दवाखान्याला सील ठोकलं. रजिस्टर, फाइली, कॉम्प्युटर सगळं नेलं. निकेशचा कागद आणि फोटोही. चौकशी होईपर्यंत बंद म्हणे. कुलपाभोवती दोरा आणि लाखेचा लाल ठिपका. एवढासा. कुंकू लावल्यासारखा.

मृणाली सकाळी सवयीने खाली उतरली, दाराला हात लावून वर आली.

दुपारी डोळा लागला. मिठागरात पाणी भरलेलं, पण मीठ धरत नाही. सगळे पेशंट रांगेत उभे, गुडघाभर पाण्यात. मी एकेकाचं मनगट धरून विचारते, कुठला रे तू? कुणाचा? एकानेही गाव सांगितलं नाही. शहाणे झाले.

माझ्या तळव्यांवर मारलं असतं तर काठी मोडली असती. वीस वर्षं मीठ तुडवलंय. पण माझे तळवे कुणाला नको होते. माझी जीभ हवी होती. ती मी पोह्यांबरोबर वाढली.

१८ फेब्रुवारी

निकेश आला, मागच्या जिन्याने. म्हणाला, "तेल लावता, आजी?"

लावलं. मग म्हटलं, "तुझा पत्ता मी दिला रे."

"ठाऊक आहे. त्यांनीच सांगितलं. म्हातारीने प्रेमाने दिला, म्हणाले."

मी खाली बघत तेल चोळत राहिले.

दुसरा हात पुढे करून म्हणाला, "डॉक्टरताईंचा दवाखाना कायमचा गेला, तर आमच्यासारख्यांनी कुठे जायचं?"

म्हटलं, "ते मोठ्यांना बघू दे. तू तुझं खरं सांग."

त्याने अपेक्षाचं पेन मागून घेतलं. वर्तमानपत्राच्या कडेला एक डोळा काढला. श्वास धरून, एका रेषेत. हात जराही कापला नाही! मी टाळी वाजवली. म्हटलं, आता दुसरा. पेन ठेवून उठला. म्हणाला, "गाडी चुकेल."

२० फेब्रुवारी

मृणाली आणि वकील सकाळीच चौकशीला गेले. अपेक्षा आणि मी वाट बघतोय. वालाच्या शेंगा शेवटी सोलायला घेतल्या. हाताला काम हवं.

२१ फेब्रुवारी

निकेशने काल लिहून दिलं — मी माळ्यावरून पडलो, डॉक्टरताईंना मीच खोटं सांगितलं, त्यांचा दोष नाही. सही केली. स्वच्छ आली म्हणे.

नोटीस मागे घेतली. सकाळी नऊच्या आत सील निघालं. सरकारला एवढी घाई कधी नसते! मृणाली किल्ली घेऊन पायरीवर बसली आहे. दार उघडत नाही.

अपेक्षा, आज स्वप्न नको. मी सांगते तसं लिही. निकेश पडला नाही. त्याला टांगलं. चौदा जानेवारीला मी, बायजाबाईने, त्याची मनगटं या दोन हातांत धरली.

लिहिलंस? आता शाई आण. इथे खाली माझा अंगठा घे.