डोळे घरातून घ्यायचे

पप्पा, तुमचं पोर्ट्रेट परवा पूर्ण झालं. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, तीही चित्रकलेची, आणि लोक मला पोर्ट्रेटची, भिंती रंगवायची कामं देतात. तुमचंच काम करते, फक्त खोटं काढत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. मध्ये मुलुंडच्या एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "सासूबाईंना जरा गोरं करा ना." मी म्हटलं, "त्या सावळ्या होत्या ना?" "होत्या, पण आता गेल्या ना!" मी ते काम सोडलं. आई हसली. "तुझ्या बापाने त्यांना नथपण घातली असती," म्हणाली.

साकीनाक्याची तुमची खोली आठवते. शेजारच्या लेथ मशीनच्या खरखरीत तुम्ही मेलेल्यांची चित्रं काढताय. ओळखपत्रावरच्या फोटोत डोळ्यांचे नुसते काळे ठिपके असतात, म्हणून घरच्या कुणाला तरी, मुलाला नाहीतर बहिणीला, समोर स्टुलावर बसवता आणि मेलेल्याचे डोळे त्यांच्यावरून काढता. "डोळे घरातून घ्यायचे, बरोबर बसतात." तयार चित्र बघून एखादी बाई रडायला लागली की तुम्ही तिच्याकडे पाठ करून ब्रश धुता आणि मला हळूच म्हणता, "रडली. जमलं."

त्याच खोलीत मी आईचा चेहरा काढून तुम्हाला दाखवला होता. गिऱ्हाईक बसलेलं. तुम्ही त्याला म्हणालात, "बघा, भोपळ्याला नाक फुटलंय," आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने आईला पुसून टाकलंत. मग खिळ्यावरचा आरसा काढून माझ्या हातात दिलात. "घे. नाक कसं असतं ते आधी तुझं बघ." तुम्ही मला दिलेली ती एकुलती एक वस्तू. आई डबा घेऊन दारातच उभी होती. तिच्यावर तुम्ही कधी हात उगारला नाहीत. नुसतं बघायचात, पापणी न हलवता, माल तपासावा तसं. ती पदर डोक्यावर ओढायची, डबा खाली ठेवायची आणि मागे मागे सरकत निघून जायची.

आता आम्हाला घाटकोपरला बिल्डिंगमध्ये घर मिळालंय. आईला तिथल्या भिंतीवर तुम्ही हवे होतात. "पण डोळे जरा मऊ काढ गं," म्हणाली.

"मी खोटं काढत नाही, आई."

"एकदाच काढ ना. रोज बघायचंय मला."

तुमचा एकच फोटो आहे, भिंत रंगवताना परांचीवर उभे असतानाचा, उन्हाने डोळे गच्च मिटलेले. मग मला वाटलं, माझे डोळे मऊ आहेत, सगळेच म्हणतात. ते दिले तर खोटंही होणार नाही आणि आईला हवं ते मिळेल. जिच्याकडे तुम्ही कधी धड पाहिलं नाहीत, तिच्याकडे निदान माझ्या डोळ्यांनी बघाल. तुमचाच आरसा समोर टांगला आणि डोळे घरातून घेतले.

आईला हाक मारली. ती चहाचा कप घेऊन आली, चित्रासमोर थांबली आणि तिचा मोकळा हात आपोआप डोक्याकडे गेला. घरात ती आता गाऊन घालते. ओढायला पदर नव्हता, हात नुसताच केसांवरून फिरला. तिने कप खाली ठेवला आणि मागे सरकली.

"मऊ काढ म्हटलं होतं ना."

"मऊच आहेत. माझे आहेत ते."

तिने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हो," म्हणाली, "चित्र काढताना तू अशीच बघतेस." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

चित्रातले डोळे पुसायला मी फडकं हातात घेतलं होतं. पुसले नाहीत. चित्र तसंच आहे. हे पत्रही इथेच राहील, आईला वाचता येत नाही. एवढंच सांगायचं होतं, की ती मागे सरकली तेव्हा तिची दया यायच्या आधी माझ्या मनात एकच शब्द आला होता, पप्पा. जमलं.