सहा झाडं, सगळी नोंदणीची

३ नोव्हेंबर, साल्तो
गांजाची सहाही रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. सहाच. उरुग्वेत कायद्याने घरी तेवढीच लावता येतात. सातवं उगवलं ते मी स्वतः उपटलं. नोंदणीचा कागद फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलाय. कवळ्या बनवणारा सभ्य माणूस मी, लपूनछपून काही करत नाही. शिमेना म्हणते, माझ्यापेक्षा कुंड्यांना जास्त जपतोस. खोटं आहे. आईवडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. बहिणीला मीच वाढवलं. आता एकवीस. संध्याकाळी परसात दोघं माते, आमचा इथला कडू चहा, पितो, गांजाची एकेक सिगारेट ओढतो. बाहेर कुणाबरोबर काहीबाही ओढण्यापेक्षा घरात, भावासमोर. याला म्हणतात जबाबदारी.

१९ डिसेंबर
पशुवैद्यकीच्या परीक्षेला शिमेना बसलीच नाही. वर्गात सगळे तिच्याबद्दल कुजबुजतात म्हणे. कुजबुजत असतीलही. उकाडा भयंकर आहे.

८ जानेवारी
तिने रेडिओची वायर कापली. बातम्या देणारा तिचं नाव घेतो म्हणे. रेडिओ जुनाच होता. ठरवलं: आठवडाभर तिला ओढू द्यायचं नाही.

१० जाने.
फारच अस्वस्थ होती. अर्धी दिली. अर्धी म्हणजे जवळजवळ नाहीच.

२ फेब्रुवारी
नेलिदामावशी आली होती. तिने तळून आणलेल्या पुऱ्यांना शिमेनाने हात लावला नाही, विष आहे म्हणाली. मावशी परसात कुंड्यांकडे बघत राहिली, मग विचारलं, रामोनमामा आठवतो का? आठवतो. बाविसाव्या वर्षी त्याला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलं, तिथेच म्हातारा झाला. पण त्याच्या वेळी हा कायदा नव्हता, त्यामुळे तुलना होत नाही. मावशीला नीट समजावलं. ती म्हणाली, "कायदा सगळ्यांसाठी असतो रे. ही पोर तुझ्या आईच्या घरची आहे."
जुन्या वळणाची बाई.

२१ फेब्रुवारी
पेपरात मोठा लेख. गांजा कायदेशीर झाल्यापासून वेडाचे रुग्ण वाढले का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. म्हणजे नाही वाढले. कात्रण ठेवलं, मावशीला दाखवीन. शिमेनाने आज सहा दिवसांनी अंघोळ केली. प्रगती आहे.

१४ मार्च
उद्या सगळी झाडं उपटणार. पक्कं.

१५ मार्च
दोन आठवड्यांत कापणी. त्यानंतर नक्की.

२९ मार्च
भर दुपारी शिमेना अनवाणी नदीपर्यंत चालत गेली. पाण्यात कमरेपर्यंत उभी होती. पोलिसांनी हॉस्पिटलात नेलं. तळपाय सोललेत.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात पूर्वी कुणाला असं झालंय? मी नाही म्हटलं. मावशी मागून हो म्हणाली.
किती ओढायची? कायद्यात बसेल तेवढं, म्हटलं. ते त्यांनी लिहिलं नाही. कितव्या वर्षापासून? सोळाव्या. ते लिहिलं. कायद्यात अठरा आहे, मला माहीत आहे. पण सोळावं तेव्हा संपतच आलं होतं, ते कुणी विचारत नाही.
मी विचारलं, माझ्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, एका माणसाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही; ज्या घरात हा आजार आहे तिथे गांजाने धोका वाढतो. मला हो किंवा नाही हवं होतं.

४ एप्रिल
उपटली. सहाही. हातांचा वास जात नाही. नोंदणी रद्द करायला गेलो. कारकुनाने कारण विचारलं. घर बदललं, म्हणालो.

१७ मे
आज पहिल्यांदा भेटू दिलं. औषधांनी सुजलीय, सावकाश बोलते. मी भाषण पाठ करून गेलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. माझा हात हातात घेतला.
"तुझा राग नाही मला, मिल्तन. पण ते आवाज आहेत ना, त्यांत सगळ्यात प्रेमाने बोलतो तो तुझा असतो. तो म्हणाला म्हणून मी नदीत गेले. तू आलास की खरा कुठला ते कळत नाही. थोडे दिवस येऊ नकोस."
बिस्किटं नर्सकडे दिली, बसने घरी आलो. थोडे दिवस म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं.
रविवारी जाईन. तोंड उघडणार नाही. नुसता बसून राहीन, म्हणजे तिला कळेल, हाच खरा.