कन्या दोन

मंगळवार, १८ नोव्हेंबर. पिस्कॅटवे.

डोकं अजून तापलेलंय. नेपरव्हिलच्या श्रीधरकाकांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं प्रूफ पाठवलं. दादाचं नाव, डिग्री, त्याचा मुलगा, सगळं आहे. ताईच्या आणि माझ्या जागी फक्त 'कन्या दोन'.

लगेच फोन केला. "अगं, मुली सासरच्या कुलवृत्तांतात येतात की," काका म्हणाले.

"माझं लग्नच झालेलं नाही, काका!"

"होईल ना. आणि पानावर जागा कुठंय?"

जागा म्हणे! चार वर्षं मी पीएचडीसाठी एका मध्ययुगीन फ्रेंच सरदार घराण्याची वंशावळ जुळवतेय. मुलींची नावं गाळणाऱ्या तिथल्या कारकुनांना रोज शिव्या घालते. जुन्या दानपत्रांतून एकेकीचं नाव उकरून काढलंय. आणि घरच्यांच्या लेखी मी 'कन्या दोन'मधली एक?

नावं कशी लिहितात ते काकांना दाखवावं म्हणून माझा चार्ट उघडला. गेल्या आठवड्यात अ‍ॅडव्हायझर म्हणाल्या होत्या, एका पानात बसव. मी बसवला होता. मुलगे नावानिशी शाबूत, आणि त्यांच्याखाली मीच टाइप केलेलं, 'मुली चार'.

काकांना आता काय पाठवू, कपाळ?

आलिक्स, माथिल्द, एर्मांगार्द, बेआत्रिस. तोंडपाठ आहेत मला.